क्लॅट झाली, सीईटी बाकी आहे : विधी प्रवेशपरीक्षेचे वर्ष मध्येच सुटू नये म्हणून

डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कायद्याच्या प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. क्लॅटमध्ये अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले, आता काय? वर्षभर थांबून पुन्हा द्यावी का? राज्याची सीईटी 'त्या मानाने सोपी' म्हणतात, मग तिला वेगळा अभ्यास लागतो का? आणि बारावीचे काय? काही जण तर विचारायलाही येत नाहीत. पुस्तके माळ्यावर टाकतात आणि बीए-बीकॉमच्या प्रवेशाची चौकशी सुरू करतात.

घोटाळा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी झालेला असतो. तयारीला लागताना डोक्यात 'क्लॅट' हे एकच नाव असते, त्यामुळे ती संपली की सगळे संपले असे वाटते. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचे प्रवेशाचे वर्ष मात्र डिसेंबरमध्ये निम्मेही झालेले नसते. पेपरच्या आदल्या रात्री कुणी तयारी सोडत नाही. ती सुटते दोन परीक्षांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत.

आधी पूर्ण वर्ष एका कागदावर मांडा

भिंतीवर लावता येईल एवढ्या कागदावर पुढच्या गोष्टी लिहा. दरवर्षीच्या नेमक्या तारखा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

- क्लॅट : राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाची परीक्षा. डिसेंबरमध्ये, दुपारी दोन तास, कागदावर, फक्त इंग्रजीतून. १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.
- एलेट : दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची स्वतंत्र परीक्षा. हीही डिसेंबरमध्येच. क्लॅटच्या गुणांवर तिथे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही.
- स्लॅट : सिंबायोसिसच्या विधी महाविद्यालयांसाठी. एका तासात ६० प्रश्न, गुण वजा होत नाहीत.
- बारावीची बोर्ड परीक्षा : फेब्रुवारी-मार्च.
- महाराष्ट्र विधी सीईटी : राज्य सीईटी कक्षाची परीक्षा. पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठी वेगवेगळी, साधारण मार्च ते मे या काळात. संगणकावर, दोन तास, अलीकडच्या रचनेत १२० प्रश्न. माध्यम मराठी किंवा इंग्रजी. गुण वजा होत नाहीत.
- कॅप : सीईटीनंतरची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. हिला वेगळी नोंदणी लागते. 'सीईटीचा फॉर्म भरला होता ना' म्हणून स्वस्थ बसलेल्यांची जागा दरवर्षी इथेच जाते.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली तिन्ही महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे क्लॅटच्या वाटेवर आहेत. १८५५ पासूनचे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आणि १९२४ मध्ये सुरू झालेले पुण्याचे आयएलएस सीईटीच्या वाटेवर. सर्वाधिक काळ देशाचे सरन्यायाधीश राहिलेले यशवंत चंद्रचूड आयएलएसचे आणि २०२२ मध्ये त्या पदावर आलेले उदय लळीत मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे. त्यामुळे सीईटीला 'दुसऱ्या नंबरची परीक्षा' म्हणण्याआधी जरा थांबा. राष्ट्रीय विधी विद्यापीठाची फी वर्षाला लाखांच्या घरात जाते. शासकीय महाविद्यालयात तेच शिक्षण काही हजारांत होते. घरच्या जमाखर्चाकडे पाहिले तर अनेकांसाठी पहिला नंबर सीईटीचाच लागेल.

परीक्षा किती द्यायच्या? अर्ज पाहिजे तर चारही भरा. जीव ओतून तयारी मात्र दोनचीच करा : एक राष्ट्रीय, एक राज्याची. एकट्या क्लॅटच्या अर्जाला खुल्या वर्गासाठी ४,००० रुपये लागतात. 'असू दे हाताशी' म्हणून भरलेले फॉर्म पैशांबरोबर लक्षही खातात.

जुन्या पुस्तकांचा आणि जुन्या सल्ल्यांचा सापळा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात क्लॅटची जुनी गाईड स्वस्तात मिळतात. घेण्याआधी पहिल्या पानावरचे साल पाहा. २०१९ पर्यंत या परीक्षेत २०० प्रश्न असत आणि कायद्याची सुटी माहितीही विचारली जाई. २०२० पासून सगळे प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले आले आणि संख्या १५० झाली. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून ती १२० वर आली.

सल्ल्याचेही तसेच. पूर्वी क्लॅट मे-जूनमध्ये, बोर्डाच्या परीक्षेनंतर होत असे. २०२२ मध्ये ती जूनमध्ये एकदा आणि पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी डिसेंबरमध्ये पुन्हा, अशी एकाच वर्षात दोनदा झाली. तेव्हापासून ती बोर्डाच्या आधी येते. 'आधी बारावी उरकून घे, मग दोन महिने झटून कर' असे सांगणारा दादा किंवा ताई आपल्या वेळचे खरेच सांगत असते, पण ते वेळापत्रक आता राहिलेले नाही.

डिसेंबर ते मे : इथे काय करायचे

क्लॅटचा पेपर झाल्यावर एक आठवडा सुट्टी घ्या. खरी सुट्टी, अपराधीपणाशिवाय. त्यानंतर बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत प्रवेशपरीक्षेला दिवसाचा एकच तास द्या, पण तो मोडू देऊ नका. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला खुल्या वर्गासाठी बारावीत ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के लागतात. प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण आणि बारावीत घसरण, ही गाठ नंतर कुणालाच सोडवता येत नाही.

त्या एका तासात क्लॅटचाच अभ्यास पुढे रेटू नका. दोन्ही परीक्षांची जात वेगळी आहे. क्लॅटमध्ये साधारण ४५० शब्दांचा उतारा आणि त्यावर चार-सहा प्रश्न असतात. हिशेब केला तर दोन तासांत दहा हजारांच्या आसपास शब्द वाचायचे असतात. तिथे कसोटी लागते ती बैठकीची. सीईटीचे प्रश्न आखूड, थेट आणि भराभर सुटणारे असतात. सामान्यज्ञान आणि कायद्याच्या प्राथमिक संज्ञा तिथे सरळ विचारल्या जातात. म्हणून या महिन्यांत राज्यघटनेचे ठळक भाग, न्यायालयांची रचना, कायद्यातल्या नेहमीच्या लॅटिन उक्ती आणि वर्षभराच्या घडामोडी यांच्या छोट्या टिपणांवर भर द्या. 'भारताचे संविधान' मराठीत अधिकृतपणे प्रसिद्ध झालेले आहे. अकरावीचे एनसीईआरटीचे राज्यशास्त्राचे पुस्तक संकेतस्थळावर फुकट मिळते. इतके पुरे, जाडजूड ग्रंथांची गरज नाही.

मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. सीईटी मराठीतून देता येते म्हणून इंग्रजी सोडून देऊ नका, कारण इंग्रजीचा विभाग त्या भाषेतच सोडवावा लागतो. आणि मराठीतून पेपर देणार असाल तर सराव मराठीतूनच करा. 'अपकृत्य', 'प्रतिज्ञापत्र', 'दखलपात्र गुन्हा' हे शब्द परीक्षेच्या पडद्यावर पहिल्यांदा भेटले तर सोपा प्रश्नही अडतो.

नकारात्मक गुणांची भीती, जरा हिशेबाने

क्लॅटमध्ये 'नक्की माहीत नसेल तर सोडून द्या' हा सल्ला सरसकट दिला जातो. आकडे काय सांगतात ते पाहा. चार पर्यायांपैकी एकही बाद करता आला नाही आणि चार प्रश्नांत निव्वळ अंदाज मारला, तर सरासरीने एक बरोबर येतो आणि तीन चुकतात. एक गुण मिळतो, पाऊण जातो, पाव उरतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तीन अंदाजांत एक बरोबर, दोन चूक : अर्धा गुण हाती. म्हणजे एक तरी पर्याय खोडता आला की उत्तर नोंदवणे फायद्याचे. काहीच खोडता येत नसेल तर नशिबावर वेळ घालवू नका. सीईटीत आणि स्लॅटमध्ये मात्र एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे हातचे गुण टाकून येणे.

मॉक टेस्ट : देण्यापेक्षा तपासणे महत्त्वाचे

आठवड्याला तीन मॉक देऊन एकही नीट न तपासणारे विद्यार्थीच सर्वांत लवकर दमतात. गुण वर-खाली होत राहतात, कारण कळत नाही आणि 'आपल्याला हे जमणारच नाही' अशी समजूत होऊन बसते. आठवड्याला एकच मॉक द्या आणि तपासायला तिच्या दुप्पट वेळ ठेवा. चुकांची वही करा. त्या वहीत प्रश्न उतरवू नका, चूक कोणत्या प्रकारची ते लिहा :

- माहितीच नव्हती
- माहिती होती, पण प्रश्न अर्धवट वाचला
- दोन पर्यायांत अडकून चुकीचा निवडला
- वेळ संपला
- उताऱ्यात नसलेली माहिती डोक्यातून आणली

शेवटचा प्रकार विधी तर्काच्या विभागात सर्वाधिक घात करतो. समजा, उताऱ्यात नियम दिला आहे की अज्ञान म्हणजे अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. प्रश्नात सतरा वर्षांच्या मुलाने वय खोटे सांगून कर्ज घेतले आहे आणि सावकार करार अंमलात आणायला निघाला आहे. बरेच विद्यार्थी चटकन लिहितात, 'त्याने फसवले, म्हणून कराराप्रमाणे पैसे द्यावेच लागतील'. न्यायाची ही ओढ चांगलीच आहे. गुण मात्र दिलेल्या नियमाला आहेत. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे आलेल्या मोहरीबीबी खटल्यात घर गहाण टाकणारा असाच अज्ञान होता आणि तो गहाणखताचा व्यवहार रद्दबातल ठरला. खटल्याचे नाव पाठ असण्याची क्लॅटला गरज नसते. समोरच्या नियमापाशी थांबता येते का, एवढेच ती पाहते.

क्लॅटच्या संघाच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह आहेत. आधी त्या संपवा, मग विकतच्या मॉक.

वर्ष थांबायचे का?

या प्रश्नाचे उत्तर एप्रिलच्या आत देऊ नका. निकालाच्या रात्री घेतलेला निर्णय सहसा दुःखाचा असतो, विचाराचा नसतो. सीईटी होऊ द्या आणि मग पुढच्या गोष्टी तपासा.

- शेवटच्या सहा मॉकमध्ये गुण चढत होते की एकाच जागी घुटमळत होते? चढत असतील तर थांबण्यात अर्थ असू शकतो.
- चुका कशाच्या होत्या? वाचनाचा वेग आणि घाई एका वर्षात सुधारते. कायद्यात मुळात रस नसेल तर वर्षाने काहीच बदलत नाही.
- थांबलेल्या वर्षात दिवसाचे बाकीचे तास कसे जाणार? रिकामे वर्ष पहिल्या तीन महिन्यांनंतर फार जड जाते. एखाद्या पदवीला नाव घालून तयारी करणे अनेकांना जास्त मानवते.
- सीईटीवर मिळणारे महाविद्यालय आणि पुढच्या वर्षी मिळू शकणारे विद्यापीठ, यांतला फरक एक वर्ष आणि वाढीव फी यांच्या तोलाचा आहे का?

वयाची धास्ती बाळगू नका. क्लॅटला कमाल वयोमर्यादा नाही. विधी अभ्यासक्रमांसाठी बार कौन्सिलने घातलेली वयाची अट वादात सापडली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तिसरा मार्ग तर सगळ्यांसाठीच खुला आहे : कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांचे एलएलबी. त्यासाठी पदवीला खुल्या वर्गात ४५ टक्के पुरतात. सनद दोन्ही अभ्यासक्रमांना सारखीच मिळते.

न्यायाधीश व्हायचे असेल तर एक हिशेब वेगळा आहे. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा आणली. थांबलेले प्रत्येक वर्ष या तीन वर्षांच्या आधी जोडले जाते, हे लक्षात घेऊन ठरवा.

परीक्षाच डळमळते तेव्हा

काही वेळा विद्यार्थ्याची काही चूक नसते. सप्टेंबर २०२० आठवा. करोनामुळे क्लॅट पुन्हा पुन्हा पुढे गेली होती. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने अचानक स्वतःची वेगळी परीक्षा जाहीर करून १२ सप्टेंबरला घेतली. २१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २८ ला क्लॅट झाली. तीन आठवड्यांच्या आत मुलांना दोन वेगळ्या परीक्षांची तयारी करावी लागली.

१ डिसेंबर २०२४ च्या क्लॅटचे प्रकरण त्याहून लांबले. उत्तरतालिकेतल्या चुकांवरून विद्यार्थी न्यायालयात गेले. २० डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने दोन प्रश्नांबाबत विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका पुढे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला एकत्र केल्या, एप्रिलमध्ये तिथे द्विसदस्यीय खंडपीठाचा निकाल आला आणि ७ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदवी परीक्षेच्या वादावर पडदा टाकला. डिसेंबरच्या परीक्षेची गुणवत्ता यादी पक्की व्हायला मे उजाडला. त्या पाच महिन्यांत सीईटीची तयारी चालू ठेवणाऱ्यांच्या हाती पर्याय राहिला. निकालाकडे डोळे लावून बसलेल्यांचे ते महिने गेले.

यातून घेण्यासारखे दोन धडे. परीक्षा झाली की त्याच दिवशी आपली उत्तरे आठवून नोंदवून ठेवा. आणि तात्पुरती उत्तरतालिका आली की हरकतीची मुदत पाहा. ती अगदी थोडी असते आणि प्रत्येक हरकतीला शुल्क असते. हरकत मान्य झाली तर ते परत मिळते. उताऱ्यातल्या ओळीचा दाखला देऊन मुद्देसूद हरकत लिहा. 'उत्तर चुकीचे वाटते' एवढ्याने काही होत नाही.

क्लास लावताना : तुमचे हक्क

क्लासशिवाय ही परीक्षा निघते आणि क्लास लावूनही राहते. लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी हे माहीत असू द्या.

- केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, रँकची हमी देऊ नये, असे त्यांत आहे. त्यांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्याने केवळ त्यांच्या भरवशावर राहू नका. फी परतीची अट पावतीवर लेखी घ्या.
- नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा फोटो निवडीनंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. फ्लेक्सवरच्या टॉपरने तिथे वर्षभर शिकून घेतले की फक्त मॉक टेस्ट दिल्या, हे विचारून घ्या.
- तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही.

परिस्थिती बेताची असेल तर 'इडिया'ची माहिती घ्या. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेला हा उपक्रम वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना विधी प्रवेशपरीक्षांसाठी तयार करतो आणि निवड झाल्यावरही पाठीशी राहतो.

लेखनिकाची गरज असलेल्या विद्यार्थ्यांनी अर्ज भरतानाच तशी नोंद करावी. अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असले तरी लिहिण्यात अडथळा असल्यास लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. परीक्षा केंद्रावर जाऊन मागणी करण्यापेक्षा आधीच लेखी उत्तर मिळवा.

कागदपत्रे मार्चमध्येच काढा

सीईटीत उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थी कॅपमध्ये कागदांपायी अडकतात. तहसील कार्यालयात जूनमध्ये झुंबड असते. त्याआधी हे हाती ठेवा : अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तर चालू मुदतीतले नॉन-क्रिमीलेअर. जात पडताळणीला सर्वाधिक वेळ लागतो, तिचा अर्ज बारावीतच करा. राज्याबाहेरच्या विद्यापीठात ओबीसी आरक्षण हवे असेल तर केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र वेगळे असते, तेही पाहून घ्या. महाराष्ट्रातल्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. क्लॅटच्या अर्जात तो रकाना कोरा ठेवला तर हक्क असून उपयोग होत नाही.

कॅपचा पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून स्वतःच क्रम खाली ओढू नका. खरोखर हवे असलेले महाविद्यालय वर लिहा. मिळालेली जागा कधी पक्की करायची आणि पुढच्या फेरीत कधी उतरता येते, याचा नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून मगच बटण दाबा. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठीही प्रवेश कॅपमधून झालेला असणे महत्त्वाचे ठरते. थेट व्यवस्थापन कोट्यातून जागा घेण्याची घाई झाली तर सवलत हातची जाऊ शकते.

राहिला फी परतीचा प्रश्न. आधी एका महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि नंतर दुसरीकडे चांगली जागा मिळाली, तर पहिले महाविद्यालय मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवू शकत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ कागद फक्त तपासून परत द्यायचे असतात. फीबाबतही टप्पे ठरलेले आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी माघार घेतली तर प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण रक्कम, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, अंतिम तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के आणि त्यापुढच्या १५ दिवसांत ५० टक्के. माघारीचा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच तारखेसह घ्या, कारण टक्केवारी त्या तारखेवरच ठरते.